पिळाची बाजू

पोळ्याच्या आधीचा आठवडा आमच्या घरी दोरांचा असे. औंढा नागनाथजवळचे आमचे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, हिंगोली जिल्हा व्हायला अजून बराच अवकाश होता, आणि गोठ्यात बैलांच्या दोन जोड्या होत्या. हिवाळ्यात ओढ्याच्या डोहात कुजत घातलेली, मग झोडून, धुऊन, सुकवलेली अंबाडी आबा माळ्यावर जपून ठेवत आणि श्रावण संपत आला की ती खाली काढत. ओसरीवर बसून, धोतर गुडघ्याच्या वर घेऊन, ते अंबाडीचे तंतू उजव्या मांडीवर ठेवत, तळव्याने पुढे लोटत आणि बोटांतून पेड सरसर लांब होत जाई. मग दोन-तीन पेड एकत्र घेऊन उलट्या दिशेने पीळ दिला की ते एकमेकांना असे धरून बसत, की सोडले तरी सुटत नसत. कासरे, दावी, मोरक्या सगळे याच पद्धतीने होई. मी आणि माझी धाकटी बहीण शेजारी बसून आमच्या परीने पेड वळत असू.

बहीण डावरी आहे. ती डाव्या मांडीवर, डाव्या तळव्याने पेड वळे. एका वर्षी आबांनी माझा एक पेड आणि तिचा एक पेड घेऊन दावे वळायला सुरुवात केली आणि ते काही केल्या बसेना. एक पेड आवळत जाई आणि दुसरा सैल पडून उसवत जाई. आबांनी दोन्ही पेड उजेडात धरून पाहिले आणि त्यांच्या लक्षात आले की दोन्हींचे पीळ एकमेकांच्या उलट आहेत. माझ्या पेडांचा दोर उभा धरला की त्याच्या रेषा खाली डावीकडून वर उजवीकडे चढत, तिच्या दोराच्या खाली उजवीकडून वर डावीकडे. शाळेत तिच्या डाव्या हातातली पाटीवरची पेन्सिल रोज काढून उजव्या हातात दिली जात असे आणि देवळात डावा हात प्रसादासाठी पुढे केला म्हणून तिला बोलणी बसत, त्यामुळे आता इथेही काही ऐकावे लागणार असे तिला वाटले असावे. आबांनी तिचे पेड वेगळे ठेवले, तिचेच दोन घेऊन स्वतः उलट्या हाताने दावे वळले, खुंटीला बांधून जोर लावून ओढले आणि म्हणाले, "पीळ कुठलाबी असू दे माय, दोरानं बैल धरला म्हंजे झालं."

त्या दाव्यांनी मला आणखी एक गोष्ट शिकवली आणि तिचे मोल कळायला पुढे दहा-बारा वर्षे गेली. दोराचे टोक खाली करून दुसरे टोक वर केले, तरी त्याच्या पिळाची बाजू बदलत नाही. या टोकाने पाहा, त्या टोकाने पाहा, उजव्या पिळाचा दोर उजव्याच पिळाचा राहतो. गाडीच्या चाकाचे तसे नाही. गाडीच्या उजवीकडे उभे राहिले तर पुढे जाणारे चाक घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरताना दिसते आणि डावीकडे उभे राहिले तर काट्यांच्या उलट. चाकाचे फिरणे पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असते, दोराचा पीळ मात्र दोराचा स्वतःचा असतो. आमच्या औंढ्याच्या देवळाची कथा मराठवाड्यात सर्वांना ठाऊक आहे: नामदेवांचे कीर्तन देवळामागे सुरू झाले आणि देवळानेच त्यांच्याकडे तोंड फिरवले, म्हणून नंदी आजही मागच्या बाजूला आहे. पण त्या कथेतले देऊळ फिरले म्हणून त्याच्या भिंतीवरच्या एकाही मूर्तीचा डावा हात उजवा झाला नाही. कितीही फिरवले तरी डाव्याचे उजवे होत नाही. ते काम फक्त आरसा करतो.

आरशात मी वळलेला दोर पाहिला तर तो माझ्या बहिणीचा दोर दिसेल, आणि तो वळणारा मुलगाही डावरा दिसेल. आबांनी खुंटीला ताण देऊन जे सिद्ध केले ते हेच होते, की आरशातला दोरही या जगात वळता येतो आणि तो तितकाच मजबूत असतो. भौतिकशास्त्रात याला पॅरिटीची सममिती म्हणतात. निसर्गात घडणाऱ्या कोणत्याही घटनेचे आरशातले रूपही निसर्गात घडू शकले पाहिजे, हे तिचे म्हणणे. गुरुत्वाकर्षण हे पाळते, विद्युत्‌चुंबकीय बल पाळते, अणुकेंद्राला बांधून ठेवणारे प्रबळ बलही पाळते. आपल्या भाषेत भेदभावाला 'डावं-उजवं करणं' म्हणतात. १९५६ सालापर्यंत जगातल्या जवळजवळ प्रत्येक भौतिकशास्त्रज्ञाची खात्री होती की निसर्ग डावं-उजवं करत नाही.

एम.एस्सी.ला औरंगाबादला विद्यापीठात शिकत असताना फर्मिऑनची कायरॅलिटी माझ्यासमोर प्रथम आली, ती फळ्यावरच्या चार ओळींच्या मॅट्रिक्समधून. गणित सोडवता आले, अर्थ मात्र हाती लागला नाही. पोळ्याला गावी आलो, गोठ्यात खुंटीवर टांगलेली दोन दावी पाहिली आणि मग कोड्याचे एक टोक सापडले. कायरॅलिटी हा शब्द लॉर्ड केल्व्हिन यांनी 'हात' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडवला. मराठीत 'हस्तता' असा प्रतिशब्द करता येईल, पण शिकवताना माझ्या तोंडी पीळ हाच शब्द येतो.

फर्मिऑन म्हणजे ज्यांचा पदार्थ बनतो ते कण: इलेक्ट्रॉन, क्वार्क, न्यूट्रिनो आणि त्यांचे भाईबंद. एन्रिको फर्मी यांच्या नावावरून त्यांचे नाव पडले. या प्रत्येकाला स्पिन असतो. त्याला स्वतःभोवतीचे फिरणे म्हणणे पूर्णपणे बरोबर नाही, पण तूर्त चालेल. कण एकीकडे फिरतो आहे आणि दुसरीकडे पुढे जातो आहे, या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की दोराचा पीळ तयार होतो. स्पिनची दिशा गतीच्याच दिशेला असेल तर उजवा पीळ, उलट असेल तर डावा. या पिळाला हेलिसिटी म्हणतात. इथपर्यंत सोपे आहे, आणि इथेच फसगत होते. समजा इलेक्ट्रॉन आपल्यापुढे धावतो आहे आणि त्याचा पीळ उजवा आहे. आपण त्याच्याहून वेगाने निघालो आणि त्याला मागे टाकले. वसमतच्या रस्त्यावर बैलगाडीला मागे टाकून जाणाऱ्या बसमधून गाडी मागे मागे जाताना दिसते, तसा तो इलेक्ट्रॉन आता आपल्याला उलट दिशेने जाताना दिसेल. त्याचे फिरणे मात्र तसेच राहिले आहे. म्हणजे ज्याचा पीळ क्षणापूर्वी उजवा होता त्याचाच आता डावा दिसतो. ज्या पिळाला मी दोराचा स्वतःचा म्हटले, तो इथे पाहणाऱ्याच्या वेगावर अवलंबून निघाला.

द्रव्यमान नसलेल्या कणाच्या बाबतीत ही अडचण येत नाही, कारण तो प्रकाशाच्या वेगाने जातो आणि त्याला मागे टाकणारा कोणी असू शकत नाही. त्याचा पीळ सर्वांना सारखाच दिसतो. द्रव्यमान असलेल्या कणासाठी सर्व निरीक्षकांचे एकमत होईल अशी राशी हवी असेल तर अधिक खोल जावे लागते, आणि १९२८ साली डिरॅक यांनी मांडलेल्या समीकरणात ती दडलेली आहे. ते समीकरण उलगडले की इलेक्ट्रॉनचे दोन भाग वेगळे होतात, एक डावा आणि एक उजवा. कोणी कितीही वेगाने पळत पाहिले तरी डाव्याला डावाच म्हणेल. ही कायरॅलिटी. पण तिच्यातही एक उणे आहे. हेलिसिटी मोकळ्या कणासाठी काळाबरोबर बदलत नाही, मात्र निरीक्षकागणिक बदलते. कायरॅलिटी निरीक्षकागणिक बदलत नाही, मात्र कणाला द्रव्यमान असेल तर ती काळाबरोबर टिकत नाही, कारण समीकरणातले द्रव्यमानाचे पद डाव्या भागाला उजव्याशी जोडते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण द्रव्यमान नसलेल्या कणाला लागू पडते. इलेक्ट्रॉनला ती लागू पडत नाही. विद्यार्थी या ठिकाणी नेहमी अडखळतात, आणि मीही बरीच वर्षे या दोन कल्पनांची सरमिसळ करत होतो, म्हणून इथे जरा रेंगाळलो.

द्रव्यमान नसलेल्या, एकाच पिळाच्या कणाचे समीकरण हेर्मान वाइल यांनी १९२९ मध्येच लिहून ठेवले होते. वोल्फगांग पाउली यांनी ते बाजूला सारले, कारण त्याला आरशातले रूप नव्हते. पाउली हे कोणी सामान्य टीकाकार नव्हते. १९३० साली न्यूट्रिनोची, म्हणजे विद्युत्‌भार नसलेल्या आणि सहजी हाती न लागणाऱ्या कणाची, कल्पना मांडणारे तेच, आणि गंमत अशी की वाइल यांच्या समीकरणाला शोभेल असा कण पुढे न्यूट्रिनोच ठरला.

आरशावरची ही श्रद्धा डळमळू लागली ती १९५६ मध्ये. वैश्विक किरणांत आणि त्वरकांत दोन कण सापडले होते, थीटा आणि टाऊ. दोघांचे द्रव्यमान सारखे, आयुष्य सारखे, पण एक फुटून पायॉन नावाच्या दोन हलक्या कणांमध्ये विघटित होई आणि दुसरा तीन पायॉनमध्ये. पॅरिटीच्या हिशेबाने हे दोन्ही एकच कण असणे शक्य नव्हते. त्सुंग-दाओ ली आणि चेन-निंग यांग या अमेरिकेत काम करणाऱ्या दोन तरुण चिनी शास्त्रज्ञांनी जुने प्रयोग एकेक करून तपासले आणि त्यांना आढळले की ज्या क्षीण बलामुळे ही विघटने होतात, त्या बलाने पॅरिटी पाळली आहे की नाही हे कोणी कधी तपासलेच नव्हते. सगळ्यांनी ते गृहीत धरले होते.

तपासले ते चिएन-शिउंग वू यांनी. बीटा-विघटनाच्या, म्हणजे अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याच्या, प्रयोगांत त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. १९३६ मध्ये चीन सोडल्यानंतर वीस वर्षांनी त्या पतीसह पूर्वेकडच्या प्रवासाला निघणार होत्या, जहाजाची तिकिटे काढलेली होती, पण हा प्रयोग दुसऱ्या कोणी करण्याआधी आपण करायचा असे ठरवून त्यांनी पतीला एकट्यालाच पाठवले. वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये, तिथल्या अतिशीत तापमानाच्या जाणकारांबरोबर, त्यांनी कोबाल्ट-६० निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याइतका थंड केला आणि चुंबकीय क्षेत्राने त्याच्या अणुकेंद्रांचे स्पिन एका दिशेला वळवले. मग बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजले. ते स्पिनच्या उलट दिशेला जास्त संख्येने निघत होते.

यात एवढे काय, हे भोवरा डोळ्यांपुढे आणला तर कळते. भोवरा जमिनीवर फिरतो आहे आणि त्यातून ठिणग्या खालच्या बाजूला जास्त उडत आहेत असे समजा. शेजारी भिंतीला आरसा आहे. आरशात भोवऱ्याचे फिरणे उलटे होईल, पण वर-खाली तसेच राहील, आणि ठिणग्या खालीच उडताना दिसतील. म्हणजे फिरण्याची दिशा आणि ठिणग्यांची दिशा यांचे नाते आरशात उलटे झाले. तसा उलटा भोवरा या जगात कुठेच मिळणार नसेल, तर आरशातले जग हे आपले जग नव्हे. माझ्या बहिणीचा दोर या जगात वळता येतो. कोबाल्टचे आरशातले विघटन घडवता येत नाही.

जानेवारी १९५७ मध्ये हा निकाल जाहीर झाला. त्याच महिन्यात पाउली यांनी आपले जुने सहकारी व्हायसकॉफ यांना लिहिले होते की देव क्षीण डावखुरा असेल यावर आपला विश्वास नाही आणि त्यावर मोठी पैज लावायला आपण तयार आहोत. पत्र गेले आणि पाठोपाठ निकालाची बातमी येऊन थडकली. ली आणि यांग यांना त्याच वर्षी नोबेल मिळाले. वू यांना मिळाले नाही, आणि १९७८ चे वुल्फ पारितोषिक हा त्याचा भरपाईचा सन्मान होता असे मला वाटत नाही. एवढ्या कडाक्याच्या थंडीत अणुकेंद्रांना एका रांगेत उभे करून निसर्गाच्या तोंडून उत्तर वदवून घेणाऱ्या बाईंना वगळले गेले, याची खंत माझ्या मनात आहे.

पॅरिटी मोडते हे कळले, पण किती आणि कशी, हे सांगणारे सूत्र हवे होते. ते शोधणाऱ्यांत केरळातल्या कोट्टायमजवळ जन्मलेले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काही वर्षे काम केलेले ई.सी.जी. सुदर्शन होते. रॉचेस्टरला रॉबर्ट मार्शाक यांच्याबरोबर त्यांनी १९५७ मध्ये 'व्ही उणे ए' सिद्धांत मांडला. फाइनमन आणि गेल-मान यांनीही तो स्वतंत्रपणे मांडला. त्याचा अर्थ असा की कणाचे रूप पालटणारे क्षीण बल फक्त डाव्या कणांना आणि उजव्या प्रतिकणांना (प्रतिकण म्हणजे कणाचा उलट भाराचा जुळा) स्पर्श करते. उजवा इलेक्ट्रॉन समोर असला तरी त्याच्या लेखी तो नसतोच. मोडतोड जराशी नव्हती, होती नव्हती तेवढी सगळी होती. त्या वेळचे चार प्रयोग या सिद्धांताच्या विरोधात जात होते. सुदर्शन आणि मार्शाक यांनी सिद्धांत मागे घेतला नाही. ते प्रयोगच पुन्हा करावेत असे लिहिले. ते धैर्य मला फार मोठे वाटते, कारण तेव्हा सुदर्शन यांचे वय सव्वीसच्या आसपास होते.

त्या चारांतला एक प्रयोग पायॉनचा होता आणि कायरॅलिटी शिकवायला त्याहून चांगले उदाहरण मला अजून सापडलेले नाही. पायॉन विघटित झाला की त्यातून एक तर म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद, निघू शकतो किंवा इलेक्ट्रॉन, आणि सोबत न्यूट्रिनोच्या जातीचा एक कण. इलेक्ट्रॉन म्यूऑनपेक्षा सुमारे २०७ पट हलका, तेव्हा सोपी वाट इलेक्ट्रॉनची असायला हवी. पण त्या काळच्या प्रयोगांत इलेक्ट्रॉनची वाट दिसलीच नाही. १९५८ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ती सापडली, आणि आज आपण जाणतो की साधारण आठ हजार विघटनांत ती एकदा येते. कारण पिळात आहे. समजा ऋण पायॉन जागच्या जागी थांबलेला आहे; त्याला स्पिन नसतो. त्यातून निघणारा प्रतिन्यूट्रिनो उजव्या पिळाचा. दोघे पाठीला पाठ लावून निघतात आणि स्पिनची बेरीज शून्य यायची, म्हणून इलेक्ट्रॉनलाही उजवाच पीळ घ्यावा लागतो. पण क्षीण बल जन्माला घालते तो इलेक्ट्रॉन डाव्या कायरॅलिटीचा. डाव्या कायरॅलिटीच्या कणात उजवा पीळ किती सापडणार, ते त्याच्या द्रव्यमानावर ठरते. म्यूऑन जड आणि संथ, त्याच्यात तो पुरेसा सापडतो. इलेक्ट्रॉन इतका हलका आणि वेगवान की त्याच्यात तो नावापुरता असतो. जी वाट सोपी दिसते ती एका पिळापायी जवळजवळ बंद होते. हे गणित पहिल्यांदा फळ्यावर सुटले तेव्हा ओसरीवरचे ते न बसणारे दावे मला जसेच्या तसे आठवले: एक पेड आवळलेला, दुसरा उसवणारा.

आता द्रव्यमानाकडे थोडे वेगळ्या डोळ्यांनी पाहावे लागते. क्षीण बलाच्या दृष्टीने डावा इलेक्ट्रॉन आणि उजवा इलेक्ट्रॉन हे दोन वेगळेच कण आहेत. डाव्याला न्यूट्रिनोची जोडी आहे, उजवा एकटा आहे. मग या दोन परक्यांना एकत्र बांधून आपण ज्याला इलेक्ट्रॉन म्हणतो तो जड कण बनवतो कोण? समीकरणात नुसते द्रव्यमान लिहिता येत नाही, कारण दोन्हींचा क्षीण भार वेगळा असल्याने सिद्धांताची सममिती तुटते. मधे सगळीकडे पसरलेले हिग्ज क्षेत्र घालावे लागते. ४ जुलै २०१२ रोजी सर्नने या क्षेत्राचा कण, हिग्ज बोसॉन, सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा 'विश्वाला द्रव्यमान देणारा कण' असे सगळीकडे छापून आले होते. माझ्या दृष्टीने त्याचे काम याहून नेमके आहे: तो डाव्या पेडाला उजव्या पेडाशी बांधतो. ज्यांचे बंध घट्ट, ते कण जड. टॉप क्वार्क इलेक्ट्रॉनच्या तीन लाखांहून अधिक पट जड आहे, म्हणजे त्याचे दोन भाग तितकेच अधिक घट्ट बांधलेले आहेत. इतका फरक का, याचे उत्तर या सिद्धांतात नाही. दोराची उपमा इथे मी जपून वापरतो, कारण ओसरीवर विरुद्ध पिळांचे पेड एकत्र बसत नव्हते, आणि इलेक्ट्रॉनमध्ये मात्र नेमके तेच बसलेले आहेत.

राहिला न्यूट्रिनो. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत गोल्डहाबर, ग्रॉझिन्स आणि सन्यार यांनी युरोपियमच्या अणुकेंद्राचा उपयोग करून त्याचा पीळ मोजला आणि तो डावा निघाला. उजव्या पिळाचा न्यूट्रिनो आजवर कोणालाही दिसलेला नाही. न्यूट्रिनोला द्रव्यमान नाही असे मानले की गोष्ट तिथेच संपत होती: डावा आहे, उजवा नाहीच, बांधायचे काही नाही. पण १९९८ मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगाने दाखवले की वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो वाटेत जात बदलतात, आणि जात बदलायची तर द्रव्यमान लागते. (वातावरणातले न्यूट्रिनो प्रथम टिपणाऱ्या प्रयोगांपैकी एक १९६५ साली कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत झाला होता, हे मी वर्गात आवर्जून सांगतो.) द्रव्यमान आहे म्हणजे डाव्याला बांधायला काहीतरी आहे. एक शक्यता अशी की उजवा न्यूट्रिनो आहे, पण विद्युत्, प्रबळ, क्षीण यांतले कोणतेच बल त्याला ओळखत नाही. दुसरी शक्यता एत्तोरे मायोराना यांनी १९३७ मध्येच सुचवून ठेवली होती: न्यूट्रिनो हा स्वतःचाच प्रतिकण असावा, आणि ज्याला आपण उजवा प्रतिन्यूट्रिनो म्हणतो तेच त्याचे दुसरे टोक असावे. तसे असेल तर काही अणुकेंद्रांत दोन बीटा-विघटने एकदम होऊन एकही न्यूट्रिनो बाहेर पडणार नाही. जमिनीखालच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे त्या एका खुणेची वाट पाहिली जात आहे. खात्रीची अशी खूण अजून मिळालेली नाही.

आमच्या गावापासून थोड्याच अंतरावर, औंढ्याच्या माळावर, आता लिगो-इंडियाची वेधशाळा उभी राहणार आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून ती गुरुत्वीय लहरी टिपेल. तिचा विषय वेगळा आहे आणि ती न्यूट्रिनोचा पीळ मोजणार नाही. पण उजवा न्यूट्रिनो असेलच तर त्याच्याशी बोलणारे एकच बल आपल्याला ठाऊक आहे, ते गुरुत्वाकर्षण. आबांच्या दाव्यांसारखे तेही डावं-उजवं करत नाही.

तालुक्याच्या कॉलेजात मी हा विषय शिकवतो तेव्हा भिंतीवरच्या दोन खुंट्यांवर दोन दोर टांगतो. उजव्या पिळाचा माझा, डाव्या पिळाचा बहिणीने दर काही वर्षांनी नव्याने वळून दिलेला. अंबाडी आता मिळत नाही म्हणून ती ताग घेते. इलेक्ट्रॉन शिकवताना दोन्ही दोर हातात घेतो. न्यूट्रिनोचा तास आला की पूर्वी माझा दोर काढून पिशवीत ठेवत असे आणि फक्त बहिणीचा दोर भिंतीवर राही. मागच्या वर्षी पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, द्रव्यमान आहे म्हणता, मग ती दुसरी खुंटी कशासाठी?" मी तिला मायोराना यांचे पान काढून दिले आणि सांगितले की पुढच्या तासाला तूच ठरव, त्या खुंटीवर काय टांगायचे. ती दोन दिवसांनी आली, बहिणीचाच दोर खाली काढला आणि त्याची दोन टोके दोन खुंट्यांना बांधली.